हेडर बसवल्यापासून बोनेटखाली लय हिट – रॅप करू, कोटिंग करू का पत्र्याची शील्ड?

काळीमाती_व्हीटेक (वणीजवळ, जि. यवतमाळ)

रामराम मंडळी. गाडी जुनी होंडा सिटी १.५ व्हीटेक. इंजिन आतून जसंच्या तसं कंपनीचं, फक्त ऑटोक्रॉससाठी (मैदानावरची वेळेची शर्यत) म्हणून शहरातल्या एका फॅब्रिकेटरकडून ४-२-१ हेडर बनवून घेतला, म्हणजे इंजिनाचे चार एक्झॉस्ट पाइप आधी दोनात आणि मग एकात मिळतात तो, एसएस ३०४ चा (३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील), दीड एमएम पाइप. वरच्या आरपीएमला गाडी अशी मोकळी सुटते की पैसे गेल्याचं काहीच वाटत नाही. पण बोनेटखालचा हिट आता हाताबाहेर गेला आहे.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, ह्या इंजिनाचा एक्झॉस्ट पुढच्या बाजूला आहे, म्हणजे हेडर एकदम रेडिएटरच्या फॅनला पाठ लावून येतो. कंपनीच्या बिडाच्या मॅनिफोल्डवर पत्र्याची शील्ड होती, ती ह्या हेडरवर बसतच नाही म्हणून काढून ठेवली. तेव्हापासून फॅनच्या प्लास्टिक कव्हरला एका कोपऱ्यात बाक आला, ऑक्सिजन सेन्सरच्या वायरीचं आवरण इतकं कडक झालं की बोट लावलं की तुकडे पडतात, आणि एसीचं तर असं आहे की वरोऱ्याच्या रोडवर ८० नं चाललो की मस्त थंड, पण रेल्वे फाटकावर उभं राहिलो की थोड्याच वेळात नुसती गरम हवा. पाण्याचा काटा एरवी मधेच असतो, फाटकावर एसी चालू असला की थोडा वर चढतो आणि तिथंच बसून राहतो, लाल पट्टीपर्यंत जात नाही.

मे अजून अर्धा बाकी आहे, दुपारी पारा ४५ च्या वर, आणि त्यानंतर लगेच पाऊस. रॅप करू (पाइपावर उष्णता अडवणारी पट्टी गुंडाळू), सिरॅमिक कोटिंग करू, का शील्ड बनवू? तिन्ही एकदम केलं तर चालते का? जे काही करीन ते आमच्या रोडच्या चिखलपाण्यात टिकलं पाहिजे, एवढंच बघायचं आहे.

घाटरोड_परतवाडा

भाऊ, सरळ रॅप मार, दुसरं काही पाहू नको. माह्या गाडीवर हाय, भर उन्हात चिखलदऱ्याचा घाट चढून गेलो अन् वर बोनेट उघडलं तरी आत हात घालता येते. ५० एमएम रुंदीची पट्टी घेजो. आधी पाण्यात भिजवजो म्हणजे कसून बसते, खालच्या टोकाकून सुरू करून वर जायचं, अन् हरेक फेरा आधीच्या फेऱ्यावर सहा-सात एमएम चढला पाह्यजे. शेवटाले स्टीलच्या झिप-टायनं आवळून टाक, तार नको, तार ढिली पडते. हातमोजे अन् पुऱ्या बाह्यांचं शर्ट घालजो, त्याची कूस लागली का लय खाजवते बावा. पहिल्यांदा गाडी चालू केली का पांढरा धूर निघन, वास येईन, त्याले घाबरायचं काम नाही.

लेथ_आणि_वेल्डिंग (हिंगणघाट)

रॅप वाईट नाही, पण ते सगळ्यात शेवटी. वणीवाले भाऊ, तुम्ही दोन वेगळे त्रास एकट्या हेडरच्या माथी मारले आहेत. कव्हर वाकणं, वायर कडक होणं, बोनेट भाजणं हे हेडरचंच काम, उघड्या पाइपातून हिट बाहेर फेकला जातो आणि समोर जे येईल ते तापतं. पण पाण्याचा काटा चढणं हे सहसा त्यानं होत नाही. काटा चढतो म्हणजे एकतर इंजिनच गरजेपेक्षा जास्त उष्णता एक्झॉस्टमध्ये ढकलतंय, नाहीतर रेडिएटरमधून हवा नीट जात नाही. वरून पट्टी गुंडाळली की दोन्ही गोष्टी झाकल्या जातील आणि आतून तशाच चालू राहतील.

पहिलं टायमिंग बघा, म्हणजे स्पार्क नेमका कधी पडतो ते. डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना स्पार्क वाटणारा भाग) गाडी आहे, इतक्या वर्षांत कोणीतरी तो काढून परत बसवलेला असणारच. स्पार्क उशिरा पडला की मिश्रण पिस्टनला ढकलायचं काम पूर्ण करायच्या आधीच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो, आणि जी ताकद चाकाला मिळायची ती जाळ होऊन पोर्टमधून हेडरमध्ये जाते. हेडमधल्या त्या पोर्टभोवती पाणी फिरत असतं, म्हणून काही उष्णता पाण्यात उतरते आणि तुमचा काटा चढतो. उन्हाळ्यात नॉक (इंजिनात खटखट) येऊ नये म्हणून पुष्कळ जण टायमिंग अंदाजानं मागं घेऊन देतात, गाडी शांत वाटते, गिऱ्हाईक खूश, आणि हेडर मात्र दिवसरात्र भाजून निघतो. टायमिंग लाइट लावा, आणि होंडात आधी सर्व्हिस कनेक्टर जम्प करा (त्याच्या दोन पिना वायरनं जोडा), नाहीतर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) स्वतःच टायमिंग हलवत राहतो आणि तुम्ही जे वाचाल त्याला काही अर्थ नाही. मॅन्युअलमध्ये जो आकडा दिला आहे तोच धरायचा.

दुसरं, हेडरचा फ्लँज, म्हणजे इंजिनाला बोल्टनं बसते ती जाड पट्टी. पातळ पाइप वेल्ड करताना फ्लँज ओढला जातो आणि वाकतो, हे मी रोज बघतो. फॅब्रिकेटरनं नंतर सरफेस मारला नसेल (मशीनवर सपाट केला नसेल) तर मधल्या पोर्टवर घट्ट बसतो आणि टोकाच्या पोर्टला फट राहते. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना चालू करा, मागं कोणाला तरी ओल्या फडक्यानं सायलेन्सरचं तोंड क्षणभर दाबायला सांगा आणि तुम्ही पुढं कान द्या, फिसफिस ऐकू येते. गॅस्केटच्या कडेला काजळीची रेष दिसली तर शंकाच नको. ही फट ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असली की बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ झालं, ईसीयू पेट्रोल वाढवतो, मायलेज पडतं आणि जे पेट्रोल आत जळलं नाही ते पुढं पाइपात जळत जातं.

अजून एक, पंपावर आता बहुतेक ठिकाणी ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. साध्या चालण्यात सेन्सरच्या सांगण्यावरून ईसीयू सांभाळून घेतो, पण फुल थ्रॉटलला तो सेन्सरचं ऐकत नाही, ठरलेल्या मॅपवर चालतो, आणि तो मॅप ई-२० साठी बनलेला नव्हता. ऑटोक्रॉस म्हणजे फुल थ्रॉटलच. एकदा वाइडबँड (हवा-पेट्रोलचं प्रमाण अचूक मोजणारा सेन्सर) लावून मिश्रण तपासून घ्या.

घरच्या घरी करायची एक परीक्षा सांगतो. रात्री अंधारात, चांगली पळवून आणल्यावर लगेच बोनेट उघडून बघा. लोखंड अंधारात मंद लाल दिसायला लागतं ते सव्वापाचशे अंशांच्या आसपास. लांब चढ फुल थ्रॉटलनं चढल्यावर पोर्टजवळ मंद लाली दिसली तर ते चालायचंच. पण गाडी नुसती उभी आयडलवर आहे आणि हेडर लाल आहे, तर त्या क्षणी बंद करा आणि टायमिंगकडे जा.

थर्मोकपल_बुटीबोरी

मी भट्ट्यांच्या इन्सुलेशनचं काम करतो, गाड्यांचं वेड आहे म्हणून लिहितोय. हिंगणघाटच्या काकांनी जे सांगितलं त्याला आकड्यांचा जोड देतो. तापलेली वस्तू जी उष्णता फेकते ती तापमानाच्या चौथ्या घाताच्या हिशोबानं वाढते, म्हणजे हेडर ६०० अंशांवरून ७०० वर गेला की बोनेटवर, फॅनवर, वायरीवर पडणारी उष्णता दीडपट होते. उलट्या बाजूनं बघा, नुसतं टायमिंग आणि गळती दुरुस्त करून १०० अंश उतरवले तर एक रुपयाचंही इन्सुलेशन न लावता तिसरा हिस्सा कमी. म्हणून पहिलं ते.

मोजायचं असेल तर इन्फ्रारेड गन थेट चकचकीत स्टीलवर धरू नका, चमकदार पृष्ठभागावर ती खूप कमी आकडा दाखवते आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. प्रत्येक पाइपवर पोर्टपासून सारख्याच अंतरावर सायलेन्सरच्या काळ्या हाय-टेम्प रंगाचा रुपयाएवढा ठिपका मारा, वाळू द्या, आणि गन त्या ठिपक्यावर धरा. घेताना बघून घ्या, स्वस्तातल्या बऱ्याच गन ३८० च्या वर वाचतच नाहीत. चारही पाइपांचे आकडे लिहून काढा. एकच पाइप बाकीच्यांपेक्षा फार वेगळा निघाला तर तो सिलिंडर सांगतोय की इंजेक्टर, प्लग किंवा गॅस्केट बघ.

आता शील्ड. माझं स्पष्ट मत, तुमच्या गाडीत शील्डच पहिली, कारण तुमचा त्रास एका दिशेचा आहे, फॅनच्या आणि बोनेटच्या बाजूचा. एक एमएम अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा घ्या, चकचकीत बाजू पाइपाकडे, आणि पाइपापासून १२ ते १५ एमएम दूर. ही मधली हवाच खरं काम करते. पत्रा पाइपाला टेकला की संपलं, अ‍ॅल्युमिनियम ६६० ला वितळतं. खालून आणि वरून उघडा ठेवा म्हणजे गरम हवा वर निघून जाईल. बोल्टची भोकं लांबट ठेवा, कारण पाइप सरकतो. ३०४ चा मीटरभर पाइप ६०० अंश तापला की जवळपास ११ एमएम लांबतो, गोल भोकात घट्ट आवळलेला पत्रा काही दिवसांतच तडकतो. जीआयचा (जस्ताचा थर दिलेला) पत्रा वापरू नका, जस्त ४२० ला वितळतं आणि त्याचा धूर अंगाला वाईट. तेलाच्या पिप्याचा पत्राही नको, त्याच्यावरचा कथलाचा थर तर त्याहून खूप आधी जातो. आणि कोणी जुन्या ऑइल इंजिनाच्या सायलेन्सरवर बांधतात ती अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी देऊ केली तर हातही लावू नका, तिचे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात आणि आयुष्यभर निघत नाहीत.

कोटिंग चांगलं, पण बरोबर माणसाकडून. तालुक्या-जिल्ह्याला सिरॅमिक कोटिंगचे बोर्ड लागलेत ते बॉडीच्या रंगावर चमक आणायचं काम करतात, त्याचा इथं उपयोग नाही. पावडर कोटिंगवाला हिटप्रूफ म्हणून काळा थर देईल, पण तो ओव्हनमध्ये २०० अंशांच्या आसपास पक्का होणारा माल आहे, हेडरवर पहिल्याच फेरीत जळून पापुद्रे निघतील. हेडरचं खरं कोटिंग म्हणजे सँडब्लास्ट करून आतून-बाहेरून दोन्हीकडून थर. आतला थर महत्त्वाचा, कारण तो धातूलाच गरम होऊ देत नाही. चांदीसारख्या चकचकीत थराची मर्यादा काळ्या थरापेक्षा कमी असते, म्हणून ऑटोक्रॉसला काळा बरा.

घाटरोड_परतवाडा

मंग माह्या रॅपचं काय भाऊ? खराब हाय काय ते? मायं हेडर साध्या लोखंडाचं हाय.

थर्मोकपल_बुटीबोरी

रॅप काम करतं, तुम्ही सांगितलेली पद्धतही बरोबर आहे. प्रश्न धातूचा. पट्टीनं उष्णता आत कोंडली जाते, बोनेट थंड राहतं पण पाइप स्वतः जास्त तापतो. साध्या लोखंडावर त्यानं पपडी सुटते, आणि पावसाळ्यात पट्टी ओल धरून ठेवते. गाडी रोज लांब चालली तर वाळून जाते, पण आठवडा आठवडा शेडमध्ये उभी राहिली तर आतून गंज खातो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. ३०४ गंजत नाही तसा, पण तोही सतत ४५० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात राहिला की वेल्डच्या कडेला कमजोर होतो, आणि दीड एमएम म्हणजे तिथं फार मालच नाही. काचेच्या तंतूंची साधी पट्टी कायमच्या वापराला ५४० अंशांच्या आसपासची असते, पोर्टजवळ ती तग धरत नाही, तिथं बेसाल्टवाली (दगडाच्या तंतूंची) लागते. पावसाच्या आधी एकदा खालच्या बेंडवरची पट्टी सोडून लोखंड बघून घ्या. आणि व्हॉल्व्ह कव्हरमधून ऑइल झिरपत असेल तर आजच बंद करा, ऑइल प्यालेली पट्टी पेट घेते.

रेच्यावाला_जिन

राजेहो, सारे हेडरवर बोलून रायले, रेडिएटर कोणी पाह्यला काय? भाऊ वणीचा हाय म्हणते, म्हणजे सीझनभर जिनिंगच्या रोडनं, कापसाच्या गाड्याईच्या मांगं मांगं चाललेली गाडी. माह्या इथल्या हरेक गाडीचं तेच हाय. समोरून पाह्यलं तं कंडेन्सर (एसीची समोरची जाळी) साफ दिसते, पण कंडेन्सर अन् रेडिएटरच्या मधात जी बोटभर जागा असते त्याच्यात रुई जाऊन बसते, वरून काळ्या मातीची धूळ, तिच्यावर वाळल्या गवताची कुसळं, अन् घोंगडीवानी जाड थर तयार होते. रोडवर वेगात हवा जोर करून घुसते म्हणून एसी थंड. फाटकावर निरा फॅनच्या भरवशावर काम, ते त्या थरातून ओढू शकत नाही, म्हणून गरम हवा अन् काटा वर. तू जे लिव्हलं ते सारं ह्याच्यात बसते.

वरचे दोन ब्रॅकेट खोल, रेडिएटर जरासा मांगं झुकव अन् टॉर्च मारून पाह्य. पाणी मारशीन तं इंजिनच्या बाजूनं समोर मारजो, समोरून मारलं तं आणखी आत ठासते. अन् वॉशिंग सेंटरचा प्रेशर जवळून नोको मारू, फिन्स (जाळीच्या पातळ पट्ट्या) आडव्या होते मंग हवा बंदच. संध्याकाळी गाडी गार झाल्यावर घरच्या नळीनं हळूहळू, मऊ ब्रशनं उभं उभं. रेडिएटरच्या बाजूच्या फटीत फोमच्या पट्ट्या अजून हायेत काय तेबी पाह्यजो. त्या निघून गेल्या असन तं उभ्या गाडीत इंजिनची गरम हवा फिरून पुढं येते अन् फॅन तेच ते परत ओढते.

आणखीन एक, जे मले सगळ्यात महत्त्वाचं वाटते. अशा गाडीनं वावरात जाशीन तं वाळल्या गवतावर, पराटीच्या (कापसाच्या वाळल्या झाडाईच्या) ढिगाजवळ उभी नोको करू. पळून आलेली गाडी खालून किती गरम असते ते समोर बसून समजत नाही. आग विझवाचं एबीसी पावडरचं किलोभराचं सिलिंडर सीटखाली पक्कं बांधून ठेव.

काळीमाती_व्हीटेक

मंडळी, मनापासून आभार, काय काय निघालं ते लिहितो.

रेचेवाले दादा, तुम्ही म्हटलं तसंच. रेडिएटर झुकवला तर खालच्या अर्ध्या भागात राखाडी थर, नखानं उचलला तर अख्खा तळहाताएवढा तुकडा एकदम सुटून आला, त्यात सरकीच्या टरफलाचे कणसुद्धा. एका बाजूची फोमची पट्टी नव्हतीच. नळीनं धुतलं, नवीन फोम लावला. फाटकावर आता एसी पहिल्यासारखा नाही पण थंड राहतो.

काका, टायमिंग खरंच मागं होतं. मागल्या वर्षी एका ठिकाणी डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग बदलली होती तेव्हा खूण न करताच बसवलेला दिसतो. कनेक्टर जम्प करून मॅन्युअलप्रमाणे केलं. काटा आता मध्यावरून हलत नाही, आणि खालच्या आरपीएमला गाडी पहिल्यापेक्षा मोकळी झाली हे वेगळंच. चार नंबरच्या पोर्टला काजळीची रेषही सापडली. ठिपके मारून मोजलं तर तीन पाइप जवळपास सारखे आणि चार नंबरचाच वेगळा, म्हणजे गळती तिथंच आहे हे पक्कं.

आता हेडर उतरवायचाच आहे, तर ह्याच वेळी कोटिंग करून घ्यावं का आधी शील्ड लावून पावसाळा काढावा? आणि सेन्सरच्या वायरीचं काय करू?

लेथ_आणि_वेल्डिंग (हिंगणघाट)

उतरवताय तर आधी फ्लँज. काचेच्या सपाट तुकड्यावर किंवा स्टीलपट्टीखाली फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घालून बघा, फट निघाली तर सरफेस मारून घ्या, नुसतं गॅस्केटला सिलिकॉन फासून बसवू नका, ते तिथं जळतं. गॅस्केट थरांचं स्टीलवालं घ्या.

कोटिंग आत्ता नको असं मी म्हणेन. फ्लँज नीट झाला, गळती बंद झाली, थोडी चालवली, आणि खात्री झाली की आता परत वेल्डिंग लागणार नाही, मगच कोटिंगवर पैसे घाला, कारण कोटिंग झालेल्या हेडरला नंतर वेल्ड मारायची वेळ आली की तिथला थर गेलाच. शील्ड आत्ता लावा, ती कोटिंगनंतरही कामात येते. शील्ड आणि आतून-बाहेरून कोटिंग एवढं झालं की मला तुमच्या गाडीला रॅपची गरज वाटत नाही, फार तर सेन्सरच्या पुढच्या डाउनपाइपला (हेडरपासून खाली जाणारा पाइप) फूटभर पट्टी, तीही एसीचा पाइप जवळून जातो म्हणून.

सेन्सरची वायर बदलून घ्या, कडक झालेल्यावर टेप मारून भागत नाही. नवीनवर काचेच्या तंतूंची, वरून चांदीचा थर असलेली स्लीव्ह चढवा आणि हेडरपासून दूर क्लिपनं धरून ठेवा, लोंबकळू देऊ नका. फॅनचं कव्हर वाकलं आहे ते आता सरळ होणार नाही, पण पातं घासत नसेल तर शील्ड लागेपर्यंत राहू द्या.

बसवताना नट मधून बाहेर असे आवळत जा, एका दमात पूर्ण नाही, तीन फेऱ्यांत. तांब्याचा मुलामा असलेले लॉकिंग नट वापरा. खाली गिअरबॉक्सला एक ब्रॅकेट देऊन हेडरचं वजन त्यावर घ्या. सगळं वजन स्टडवर लटकलं तर आमच्याकडच्या खड्ड्यांत पहिला तडा चार-दोनच्या जोडावर जातो. दोन-तीन वेळा चांगला गरम आणि पूर्ण गार झाला की नट परत एकदा तपासा. हे काम गार इंजिनावरच करायचं, गरम असताना पाना लावला तर हेडमधले आटे निघून हातात येतात.